चावणं थांबतं आणि महिन्याभराने परत सुरू होतं, तेव्हा

ज्यांचं मूल पहिल्यांदाच कुणाला चावलंय, त्यांना हे वाचायची घाई नाही. दीड-दोन वर्षांचं पोर एखाददोन वेळा चावलं तर त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. बोलणं पुरतं आलेलं नसतं, दाढा येत असतात आणि समोरच्याच्या हातात आपली मोटार असते. हे लिहिलंय ते सगळं करून थकलेल्या आईबापांसाठी. समजावलं, रागावलं, ऑनलाइन मागवून ती चघळायची रबरी च्यूई गळ्यात घातली, पंधरा दिवस बरं गेलं, आणि मग बालवाडीतून परत फोन आला, असे लोक.

मी जळगावात लहान मुलांसाठी ऑक्युपेशनल थेरपीचं काम करते. चावणारं मूल येतं तेव्हा बहुधा आजी सोबत असते. ती आल्या आल्या सांगते, "हाऊ पोऱ्या भलता चावस!" आई मात्र जाता जाता हळूच म्हणते, "मॅडम, मधे बंद झालं होतं हो." मला या दुसऱ्या वाक्यात जास्त रस असतो. मधे बंद झालं होतं, म्हणजे तेव्हा काहीतरी जमून आलं होतं. ते काय होतं आणि कधी सुटलं, हे शोधायचं. आणि बऱ्याच घरांत सापडतं ते एवढंच, की च्यूई, झोका, उड्या, घट्ट मिठी हे सगळं मूल चावल्यानंतर मिळतंय. त्याची गरज मात्र अर्धा तास आधी होती.

तोंडालाच का सुचतं

दातावर दात घट्ट दाबला की जबड्याच्या स्नायूंतून, सांध्यातून आणि दातांच्या मुळांभोवतीच्या पडद्यातून मेंदूकडे जोरकस संदेश जातात. स्नायू-सांध्यांची ही जाणीव शरीराला ठिकाणावर आणते. मोठी माणसंही हेच करतात: हिशोब जुळेना की पेनाचं टोपण दाताखाली जातं, बांधावर गप्पा मारताना काडी चघळली जाते, आणि राग गिळताना दात आवळले जातात. लहान मुलाकडे टोपण नसतं, शेजारच्या मुलाचा दंड असतो.

संवेदनांच्या या हिशोबाची पद्धतशीर मांडणी कॅलिफोर्नियातल्या ए. जीन आयर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टने केली. १९७२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. पुढे २०१३ मध्ये ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतही संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देण्याचा समावेश झाला. पण एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण आमच्या क्षेत्रातले लोक ती सांगायला कचरतात. संवेदनांवर बेतलेल्या या उपचारांचा पुरावा अजून मर्यादित आहे, आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्येच तसं बजावलंय. म्हणून "सेन्सरी" (म्हणजे संवेदनांचा) शब्द वापरून कुणी वर्षभराचं महागडं पॅकेज गळ्यात मारत असेल तर दहादा विचार करा. खाली जे सांगतेय त्यातलं बहुतेक घरात फुकट होतं, आणि दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला नाही तर सोडून देता येतं.

आधी वही

उपायाच्या आधी नोंद. साधी शाळेची वही घ्या आणि आठ दिवस लिहा: किती वाजता, कुठे, कुणाला, आणि त्याच्या आधीची पंधरा मिनिटं काय चाललं होतं. चाव्याचं वर्णन नको, ते सगळ्यांना पाठ असतं. आधीचं लिहा. झोप किती झाली होती, शेवटचं खाणं कधी, शी झाली होती का, हेही.

साडेतीन वर्षांच्या एका मुलाचं सांगते. "शाळेत रोज चावतो," ही तक्रार. वही भरायला लागल्यावर कळलं की वर्गात तो चावतच नव्हता. चावे सगळे परतीच्या रिक्षातले. मागच्या सीटवर चौघं, समोरच्या फळीवर तिघं, मांडीवर दप्तरं, बाहेर दुपारचं ऊन, आत काकांचा स्पीकर, आणि हा मधोमध कोंबलेला. त्याच्या आईने शर्ट दाखवला: कॉलरची एक बाजू लाळेने कडक झालेली, वरचं बटण चघळून चघळून कडेने खरखरीत, त्याचा धागा लोंबतोय. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, हो, डबा झाल्यावर कॉलर तोंडात जाते, आम्ही काढतो. म्हणजे रिक्षात दात लागायच्या तासभर आधी पोरगं सांगत होतं, आणि सगळे मिळून त्याच्या तोंडातून कॉलर काढून घेत होते.

मग एवढंच केलं. डबा झाल्यावर सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्यांची टोपली दाराशी नेऊन ठेवायचं काम त्याला दिलं. शाळा सुटताना खुर्च्या एकावर एक रचायच्या. रिक्षात जागा कडेची, दांडीजवळ, आणि हातात बारीक नळीची बाटली, जिच्यातून पाणी ओढायला गाल आत जातात. कॉलरऐवजी च्यूई, आणि ती दप्तराच्या तळाशी न ठेवता खिशाला लावलेली. चावे बंद झाले. दिवाळीनंतर परत सुरू झाले. रिक्षा बदलली होती आणि नव्या काकांनी लहान म्हणून त्याला परत मधे बसवलं होतं.

कॉलर, बाही, ओढणीचं टोक, पेन्सिल, खेळण्याचं चाक, यापैकी काय तोंडात जातं ते प्रत्येक मुलाचं वेगळं. काही मुलं आधी टाचा उंचावून चालायला लागतात, काही विनाकारण घट्ट मिठ्या मारतात, काही एकदम गप्प होऊन कानावर हात ठेवतात. वहीत तेही टिपा.

दोन उलट्या गरजा, चावा मात्र तोच

आठ दिवसांच्या नोंदी समोर ठेवल्या की बहुतेक वेळा मूल दोनपैकी एका बाजूला दिसतं. एक म्हणजे कमी पडतंय म्हणून चावणारं. हे धडकतं, उड्या मारतं, पाडतं, सगळं तोंडात घालतं, आणि चावताना बऱ्याचदा हसतं, त्यामुळे लोक त्याला "मुद्दाम करतो" म्हणतात. दुसरं म्हणजे अती झालंय म्हणून चावणारं. हे लग्नातल्या डीजेपुढे, एसटीच्या गर्दीत, पाहुण्यांनी गालगुच्चे घेतल्यावर, नाहीतर वर्गात मागून कुणाचा धक्का लागल्यावर चावतं आणि स्वतःच रडायला लागतं.

पहिल्याला द्यायचं, दुसऱ्यापासून काढून घ्यायचं. इथेच गडबड होते. अती झालेल्या मुलाला "एनर्जी काढ" म्हणून ट्रॅम्पोलिनवर उडवलं तर ते आणखी पेटतं.

कमी पडणाऱ्याला हवं जड काम. त्यासाठी काही विकत आणू नका, आपल्याकडची घरं या कामांनी भरलेली आहेत. छोटी कळशी अर्धी भरून आणणं, ओल्या कपड्यांची बादली गच्चीपर्यंत ओढत नेणं, बाजाराच्या पिशवीतला कांदा-बटाट्याचा किलोभर हिस्सा उचलणं. गोधडीची दोन टोकं त्याच्याकडे, दोन तुमच्याकडे, आणि घडी घालण्याआधी ताणून खेचाखेच. उन्हाळ्यात उडदाच्या पापडाचं पीठ कुटायला घेतलं की त्याला हाकलू नका. तो घट्ट गोळा दोन्ही हातांनी ओढणं, दाबणं, तोडणं हा आमच्या थेरपी रूममधल्या मळायच्या महागड्या पुट्टीपेक्षा चांगला व्यायाम आहे. सकाळी एकदा करून दिवस निभावत नाही. दर दोनेक तासांनी थोडं थोडं, आणि वहीत जी वेळ सारखी दिसते तिच्या अर्धा तास आधी नक्की.

जबड्याच्या कामात कुरकुरीत आणि चिवट यांतला फरक ओळखा. केळ्याचे वेफर्स भुसावळपासून रावेरपर्यंत कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात आणि पालक तेच पुढे करतात. वेफर दाताखाली लगेच मोडतो. जबड्याला जोर लावावा लागत नाही. त्याने मूल जागं होतं, शांत होत नाही. जोर लागतो तो शिळ्या भाकरीच्या वातड काठाला, बी काढलेल्या खारकेला, आणि तेल लावलेल्या पापडाच्या लाटीला. लाटीत मीठ-खार जास्त असतो, म्हणून चवीपुरतीच. ओढून पिणं हाही जबड्याचा व्यायामच: दूध-केळ्याचा घट्ट शेक नळीने प्यायला लावा, पेल्याने नको. चार वर्षांच्या आतल्या मुलाला शेंगदाणे, फुटाणे, कच्च्या गाजराचे किंवा खोबऱ्याचे तुकडे आणि खारीक देऊ नका; घशात अडकतात. चघळायचं ते बसून आणि तुमच्या डोळ्यांसमोर, पळता पळता नाही.

च्यूई घ्यायची तर फूड-ग्रेड सिलिकॉनची, आणि गळ्यात घालायची असेल तर ओढल्यावर सुटणाऱ्या दोरीची. झोपताना काढायची, रोज धुवायची, तुकडा निघायला लागला की फेकायची. नाहीच मिळाली तर स्वच्छ सुती रुमालाला गाठ मारून ओला करून द्या, काम भागतं.

अती झालेल्या मुलाचं गणित वेगळं. त्याला आवाज, गर्दी आणि अनपेक्षित स्पर्श यांतून बाहेर काढायचं. रांगेत त्याची जागा सगळ्यात मागे, म्हणजे मागून धक्का लागत नाही. लग्नात हळद लागेपर्यंत थांबायचं आणि वरातीच्या आधी निघायचं; नातेवाईक नावं ठेवतील, ठेवू द्या. घरात कपाटामागे किंवा खाटेखाली चादर लावून एक कोपरा करा, तिथे गेलेल्या मुलाला कुणी हाक मारायची नाही. हा कोपरा शिक्षेचा होता कामा नये, एकदा शिक्षेसाठी वापरला की तो गेला. दोन्ही खांद्यांवर तळहात ठेवून सावकाश खाली दाबणं बऱ्याच मुलांना आवडतं, हलकं कुरवाळणं बऱ्याच जणांना नकोसं होतं. मूल अंग काढून घेत असेल तर थांबा. गोधडीत घट्ट गुंडाळणंही चालतं, तोंड आणि मान मोकळी ठेवून आणि बाहेर पडायची वाट त्याच्या हातात ठेवून. मे महिन्यात मात्र नको.

झोका दोघांनाही उपयोगी, फक्त वापर उलटा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावोगाव झाडांना झोके बांधले जातात, त्यांचा पुढे-मागे, एका तालातला हेलकावा मुलाला शांत करतो. तोच झोका पीळ देऊन गरगर सोडला की मूल चेकाळतं. संध्याकाळी अंगणात दादा-ताई त्याला गरगर फिरवतात आणि रात्री जेवताना तो आईच्या हाताला चावतो, ही साखळी वहीत दिसायला वेळ लागतो, पण दिसते.

मग परत का सुरू झालं

खान्देशात एक मोठं कारण ऊन. एप्रिल संपता संपता पारा ४५ च्या आसपास जातो, अकरापासून सहापर्यंत दार बंद, कूलरची घरघर, हातात मोबाइल. धावणं, ओढणं, चढणं एका झटक्यात थांबतं. त्यात घाम, अर्धवट झोप, आणि रात्री वीज गेली की सगळंच. मेमध्ये चावा वाढला तर मूल बिघडलेलं नाही, त्याचं काम बंद पडलंय. जड कामं सकाळी सातच्या आत आणि दिवेलागणीनंतर हलवा. दुपारी बादलीत पाणी, ओले टॉवेल पिळायला द्या.

दुसरं कारण माणूस जाणं. कापूस वेचणीच्या दिवसांत आजी गावी जाते आणि इकडे नातू चावायला लागतो. सगळे म्हणतात, आठवण येते. आठवण येतेच, पण आजी त्याला रोज पाणी भरायला न्यायची, अंगाला तेल लावून दाबून चोळायची, पिठाचा गोळा मळायला द्यायची. कुणीही थेरपी असं नाव न दिलेली थेरपी तिच्याबरोबर शेतात गेली. ती काय काय करायची ते फोन करून विचारा आणि वाटून घ्या.

तिसरं, च्यूई मऊ पडणं. सव्वा-दीड वर्षाच्या मुलाला घेतलेली च्यूई दोन-अडीच वर्षांनी पुरत नाही, तोवर मागच्या दुधाच्या दाढा आलेल्या असतात. सहाच्या सुमारास कायमची पहिली दाढ येते तेव्हा जुनं चघळणं परत उफाळतं.

चौथं, दुखणं. कान, किडका दात, बद्धकोष्ठ. कारण न दिसता अचानक वाढलेल्या चाव्याला आधी डॉक्टर, मग थेरपी.

आणि माती, खडू, भिंतीचे पोपडे खाणं सोबत असेल तर हिमोग्लोबिन तपासाच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली होती; लोह कमी असताना अखाद्य खाणं वाढतं आणि मूल चिडचिडंही होतं. नंदुरबारकडच्या, सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा कुटुंबांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही त्याच वेळी करून घ्यावी. दुकानातून लोहाचं सिरप आणून सुरू करू नका.

जिथे यातलं काही चालत नाही

वहीत दिसलं की मूल फक्त खेळणं हिसकावलं गेल्यावर चावतं, किंवा बाळ मांडीवर घेतल्यावरच चावतं, तर भाकरीचा काठ काय करणार? त्याला शब्द हवेत. "सरक", "मला दे", घरात अहिराणी असेल तर "मनं शे" (माझं आहे). सेमी-इंग्लिश बालवाडीत "एक्सक्यूज मी" शिकवलेलं पोर भांडणाच्या क्षणी ते आठवत नाही. घरातल्या भाषेतला एक छोटा शब्द तोंडातून निघतो. शब्द येत नसतील तर तळहात पुढे करून "थांब" ची खूण. भांडण नसताना, खेळात, पन्नासदा सराव करून घ्या.

मिरची लावणं, कारल्याचा रस चोळणं, "तूही चावून दाखव त्याला" हे तिन्ही सल्ले तुम्हाला मिळणार, आणि प्रेमानेच मिळणार. मिरचीने तोंड पोळतं, हात डोळ्याला लागतो, आणि जोरदार संवेदनाच शोधणाऱ्या मुलाला ती हवीशीही वाटू शकते. उलट चावून दाखवलं तर चावणं मोठ्यांनाही चालतं एवढं त्याला कळतं.

चावा चालू असताना

हात ओढू नका, कातडी फाटते. हात किंचित त्याच्या तोंडाकडेच दाबा, जबडा सैल पडतो, मग सोडवा. तोंडात बोटं घालायची नाहीत. आधी ज्याला लागलंय त्याच्याकडे वळा, चावणाऱ्याला एकच वाक्य, सपाट आवाजात: "चावायचं नाही, दुखतं." भाषण नाही, आणि लगेच हातात च्यूईही नाही.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पाच मिनिटं धुवा. चुना, हळद, कॉफी काही नको. कातडी फुटली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, बोटाच्या सांध्यावर असेल तर नक्कीच, आणि धनुर्वाताची लस झालीय का बघा. ज्याला चावलंय त्या मुलाच्या आईला फोन तुम्ही करा, बाईंच्या आधी. तो फोन अवघड असतो, पण नंतरचं पालकांच्या ग्रुपवरचं वादळ त्याहून अवघड.

तीन वर्षांनंतरही आठवड्यात अनेकदा चावत असेल, स्वतःलाच चावत असेल, हाकेला बघत नसेल, बोलणं मागे असेल किंवा येऊन गेलेलं असेल, तर घरगुती प्रयोगांवर महिने घालवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासायला येतं, सेविकाताईंना तारीख विचारून त्या दिवशी मूल तिथे न्या. पुढची तपासणी जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात, तिथे होते आणि तिला पैसे लागत नाहीत. जाताना वही न्या, आणि मोबाइलवर एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ: चाव्याचा नको, त्याच्या आधीच्या वेळेचा. तपासणीच्या खोलीत बहुतेक मुलं शहाण्यासारखी वागतात.